फोटो कुणाला दाखवायला?

गेल्या आठवड्यात दुपारी भाची माझ्या शेजारी लोळत पडली होती आणि मी ध्रुवीय मोहिमांचे जुने फोटो बघत बसले होते. तिला त्यात फारसा रस नव्हता. पाय हलवत, अधूनमधून डोकावत होती. एका फोटोवर मात्र तिचं बोट येऊन थांबलं. सगळीकडे पांढरं, क्षितिजही नीट कळू नये असं. त्या पांढऱ्यात एक अवाढव्य बलून कलंडून पडलेलं आहे, एखादं दमलेलं जनावर कुशीवर पडावं तसं, आणि त्याच्याजवळ दोन माणसं उभी आहेत. तिने विचारलं, "मावशी, हे दोघं कोण?" मी सांगितलं, बलूनमधून उत्तर ध्रुवावर निघाले होते, मध्येच बलून खाली आलं. "मग हा फोटो कुणी काढला?" त्यांच्याबरोबर तिसरा होता, त्याने. "मग ते घरी कसे गेले?" मी म्हटलं, नाही गेले. तिघंही तिकडेच वारले. ती जरा वेळ गप्प राहिली. पाय हलायचे थांबले. मग म्हणाली, "मग त्याने फोटो कुणाला दाखवायला काढला?"

मी काहीतरी बोलले. नोंद म्हणून, पुढच्या माणसांना कळावं म्हणून, असलं काहीतरी. तिचं समाधान झालं नाही हे मला कळलं, आणि ती उठून खेळायला गेली. मी तिथेच बसून राहिले. हा फोटो मी गेली वीस वर्षं तरी बघत आले आहे. आंद्रेची ओळख पटते, फ्रेंकेलची पटते, बलूनचं कापड कुठे फुगलंय आणि कुठे दबलंय हेसुद्धा मला पाठ आहे. पण कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटत असेल, हा विचार मी कधी केला नव्हता.

त्याचं नाव निल्स स्ट्रिंडबर्ग. वय चोवीस. ११ जुलै १८९७ रोजी नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांमधल्या डान्स्कओया बेटावरून 'ऊर्नेन', म्हणजे गरुड, हे हायड्रोजनचं बलून आकाशात गेलं तेव्हा त्याच्या टोपलीत तो, क्नूट फ्रेंकेल आणि मोहिमेचा नायक सालोमन ऑगुस्त आंद्रे असे तिघं होते. आंद्रे स्टॉकहोमच्या पेटंट कचेरीतला इंजिनिअर. माणसाने कुत्रे आणि स्लेज घेऊन बर्फावर मरमर करण्यापेक्षा वरून अलगद जावं, ही त्याची कल्पना. टोपलीखाली दोर लोंबकळत ठेवायचे, ते बर्फावर घासत गेले की बलूनचा वेग वाऱ्यापेक्षा कमी होतो आणि मग शिडाने दिशा देता येते, असा त्याचा हिशोब होता. स्वीडनच्या राजाने पैसे दिले, आल्फ्रेड नोबेलने दिले. टोपलीत स्वयंपाकासाठी शेगडीही होती. हायड्रोजनजवळ जाळ नको म्हणून ती दोराने खाली सोडून दुरून पेटवायची. या शेगडीबद्दल वाचलं की मला दरवेळी भरून येतं. इतका बारीक विचार केला होता त्यांनी, गरम जेवणाचासुद्धा. आणि निघाल्यानंतर काही मिनिटांतच त्या लोंबत्या दोरांचे मोठे भाग गळून समुद्रात पडले. दिशा देण्याचं साधन तिथेच संपलं. वजन कमी झालं म्हणून बलून हवं त्याहून फार उंच गेलं, आणि रेशमी कापडाच्या शिवणीतल्या सुमारे ८० लाख बारीक छिद्रांतून वायू झिरपत राहिला. मग धुकं आलं. कापडावर ओलावा गोठला आणि बलून जड झालं. साडेदहा तासांच्या मोकळ्या उड्डाणानंतर ते बर्फावर आपटत, घासत, पुन्हा उचललं जात राहिलं आणि १४ जुलैला कायमचं खाली बसलं. अक्षांश ८२ अंश ५६ मिनिटं. ध्रुव अजून पावणेआठशे किलोमीटर दूर.

आणि तिथे स्ट्रिंडबर्ग खाली उतरला, थोडा मागे गेला, कॅमेरा लावला आणि फोटो काढला.

कॅमेराही साधा नव्हता. वरून प्रदेशाचा नकाशा तयार करता यावा म्हणून खास आणलेला, सुमारे ७ किलोंचा. नकाशासाठीचं उड्डाण संपलं होतं, म्हणजे कॅमेऱ्याचं कामही संपलं होतं. पुढचे जवळजवळ दोन महिने हे तिघं प्रचंड जड स्लेज ओढत बर्फ तुडवत होते. वाटेत त्यांनी कितीतरी सामान टाकून दिलं. कॅमेरा ठेवला. अस्वल मारलं की फोटो, पाण्याच्या भेगेवरून स्लेज पलीकडे नेताना फोटो. एका फोटोत दोघं जण स्लेज रेटताना पुढे वाकलेले आहेत आणि मला नेहमी वाटतं, हा फोटो काढण्यासाठी तिसऱ्याने आपला दोर सोडला असणार, बोटं हातमोज्यातून बाहेर काढली असणार, आणि त्या दोघांनी त्याला सोडू दिला असणार. थकलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेली ही सवलत लहान नाही.

मला आंद्रेचा राग येतो. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा राग धरणं विचित्र दिसतं. पण येतो. आदल्या वर्षी, १८९६ साली, हीच मोहीम त्याच बेटावरून निघायची होती. हवा तसा वारा आला नाही म्हणून सगळे परत आले. त्या वेळी तिसरा माणूस होता नील्स एकहोल्म, हवामानशास्त्रज्ञ. बलूनमधून वायू किती गळतो हे त्याने मोजलं होतं, आणि पुढे त्याला कळलं की आंद्रे कुणाला न सांगता वरचेवर वायू भरत होता, म्हणून गळती कमी दिसत होती. एकहोल्मने अंग काढून घेतलं. त्याच्या जागी फ्रेंकेल आला. स्ट्रिंडबर्ग राहिला. हे सगळं आंद्रेला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या उन्हाळ्यात वारा आला आणि तो निघाला, कारण आता मागे फिरण्याची सोय त्याने स्वतःसाठी ठेवलीच नव्हती. राजाला, देणगीदारांना, वर्तमानपत्रांना, ज्यांनी टोप्या उडवून निरोप दिला होता त्या गर्दीला पुन्हा एकदा काय सांगायचं?

राग येतो, आणि त्याच वेळी मला तो फार ओळखीचा वाटतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका उंच खिंडीच्या वाटेवर होते. आयुष्यात पहिल्यांदा इतकं बर्फ पाहत होते. बर्फाला वास नसतो असं वाटायचं, पण असतो. लोखंडाची ओली वस्तू नाकाजवळ धरावी तसा. पावलाखाली ते चक्क कुरकुरतं. सूर्य धुक्यात होता, सावली कुणाचीच पडत नव्हती, आणि सावली नसली की खड्डा आणि उंचवटा यांतला फरकच कळत नाही. वाटाड्याने थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, परत फिरायचं. खिंड तासाभरावर होती. आम्ही फिरलो. त्या रात्री तंबूत मी रडले, आणि ते भीतीने नव्हतं. आपण वाचलो म्हणूनही नव्हतं. घरी सगळ्यांना सांगून निघाले होते, आता परत जाऊन काय सांगू, याचं ते रडणं होतं. खिंडीवर उभं राहून काढायचा फोटो मी मनात आधीच काढून ठेवला होता. कोण कुठे उभं राहील इथपर्यंत. वाटाड्याच्या जागी त्या दिवशी निर्णय माझ्या हातात असता, तर मी परत फिरले असते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

उत्तरेला गेलेल्या माणसांबद्दल 'ओढ' हा शब्द सर्रास वापरला जातो. मीही वापरत आले. जणू तिकडे काहीतरी आहे आणि ते खेचतं. पण त्यांच्या डायऱ्या, त्यांची पत्रं, दगडांच्या ढिगाऱ्याखाली ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचत गेलं की सगळ्यांची तोंडं घराकडे वळलेली दिसतात. पाय उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला. आंद्रेने सोबत ३६ कबुतरं नेली होती, घरी निरोप नेण्यासाठी. त्यांतलं एक पोचलं. पोचलं म्हणजे एका शिकारी जहाजाच्या डोलकाठीवर येऊन बसलं आणि तिथे मारलं गेलं. पायातल्या नळीत १३ जुलैची चिठ्ठी होती, सगळं ठीक आहे असं सांगणारी. दुसऱ्याच दिवशी बलून खाली आलं.

आपल्या भाषेत ध्रुव म्हटलं की आधी एक लहान मुलगा आठवतो. बापाच्या मांडीवरून उतरवलेला, म्हणून रानात गेलेला. जिथून मला कुणी उठवणार नाही अशी जागा दे, हे त्याचं मागणं. त्याला अढळपद मिळालं. मराठीत पृथ्वीच्या त्या टोकाला हेच नाव पडलं आहे, आणि उत्तर ध्रुवाबद्दल जितकं वाचावं तितकी या नावाची मला गंमत नाही, हळहळ वाटते. कारण तिथे अढळ असं काही नाही. खाली ४ हजार मीटरहून खोल समुद्र, वर तरंगतं बर्फ, आणि ते बर्फ वारा नेईल तिकडे रोज सरकतं. निशाण रोवून पाठ वळवावी तर निशाण निघालेलं असतं. अमेरिकेचा रॉबर्ट पिअरी ६ एप्रिल १९०९ रोजी तिथे पोचल्याचं सांगत आला. त्याच्याबरोबर मॅथ्यू हेन्सन होता आणि ऊता, एगिंगवा, सीग्लू, ऊक्वेआ हे चार इनुइट, म्हणजे उत्तरेतलेच मूळ रहिवासी. पोचले की नाही यावर आजही वाद आहे, आणि तो मिटण्यासारखाही नाही, कारण ज्या बर्फावर ते उभे होते ते कधीच वाहून गेलं.

आंद्रेच्या तुकडीला हे पहिल्या काही दिवसांतच कळलं. अन्नाचा साठा होता त्या फ्रान्झ जोसेफ लँड या बेटांच्या दिशेने ते पूर्वेकडे चालत होते. दिवसभर ओढायचं, बर्फाचे ढीग चढायचे, भेगा ओलांडायच्या, आणि मग उपकरण काढून सूर्य बघायचा. पायांखालचं सगळं बर्फ पश्चिमेला चाललेलं. आपण पूर्वेला जात आहोत असं अंग सांगतंय, आकडे दुसरंच सांगतायत. ४ ऑगस्टला त्यांनी दिशा बदलली, दुसऱ्या साठ्याकडे निघाले. तोही गाठता आला नाही. शेवटी एका मोठ्या हिमलादीवर त्यांनी बर्फाचंच घर बांधलं आणि लादी नेईल तिकडे जायचं ठरवलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लादी फुटली, घराच्या भिंतीशीच.

दोन वर्षं आधी नॉर्वेचे नान्सेन आणि योहानसेन याच गोठलेल्या समुद्रावरून परत येत होते. नान्सेनची गोष्ट वेगळी, त्याने बर्फाच्या या वाहण्यालाच वाहन केलं होतं. सायबेरियाच्या उत्तरेला बुडालेल्या 'जॅनेट' जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागले, त्यावरून त्याने ताडलं की बर्फ इकडून तिकडे जातं, मग जहाजच त्यात गोठवून का घेऊ नये. आपलं 'फ्राम' जहाज त्याने गोठवलं. पण ते ध्रुवाच्या पुरेसं जवळून जाईना, म्हणून १४ मार्च १८९५ रोजी ही दोघं कुत्रे घेऊन उतरली आणि ८६ अंश १४ मिनिटांवरून मागे फिरली. एकेक कुत्रा मारून बाकीच्यांना घालायचा, हे आधीच ठरलेलं. शेवटी दोनच राहिले, प्रत्येकाचा एक. आपापला कुत्रा मारणं दोघांनाही जमेना, म्हणून त्यांनी एकमेकांचा मारला. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि काही दिवस उघडलं नव्हतं.

मग ती झोपडी. फ्रान्झ जोसेफ लँडवर दगड रचून, वर वॉलरसची कातडी घालून केलेली खोपट. चरबीचा दिवा, अस्वलाचं मांस, काजळीने काळे झालेले कपडे. दिवसाचे वीस वीस तास ते झोपून काढत, एकाच झोपण्याच्या पिशवीत. आणि या सगळ्यात दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होती. नॉर्वेजियन भाषेतही आपल्यासारखे तू आणि तुम्ही आहेत. एकमेकांचा कुत्रा मारून झाला, एका पिशवीत ऊब वाटून झाली, तरी तुम्ही. १८९५ च्या शेवटच्या रात्री त्यांनी ठरवलं, आता तू म्हणू या. ज्या भाषेत तू आणि तुम्ही यांच्यात पाय अडखळतो तिच्यात वाढलेल्या माणसाला ही रात्र समजावून सांगावी लागत नाही. ८६ अंश १४ मिनिटांपेक्षा मला ते अंतर मोठं वाटतं. योहानसेनचं पुढे बरं झालं नाही. दारू, मग अंटार्क्टिकावर अमुंडसेनशी उडालेला खटका, आणि १९१३ च्या जानेवारीत त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. परत आलेल्या माणसांचं काय होतं, हे फोटोत येत नाही.

दाखवायला. भाचीचा तो शब्द डोक्यातून जाईना.

कारण आंद्रे उडाला त्याच १८९७ साली पिअरीने ग्रीनलंडहून एक प्रचंड उल्का न्यूयॉर्कला नेली, आणि तिच्याबरोबर सहा इनुइट माणसं नेली. दाखवायला, अभ्यासायला. त्यांतला मिनिक नावाचा मुलगा सातेक वर्षांचा होता, भाचीपेक्षा थोडा लहान. वर्षभरात सहांपैकी चौघं आजाराने गेली, मिनिकचे वडील किसुक त्यांत पहिले. पोराचं समाधान व्हावं म्हणून संग्रहालयातल्या लोकांनी दफनाचं नाटक केलं आणि हाडं ठेवून घेतली. मोठेपणी त्याला हे कळलं. ती परत मागत तो हिंडला, त्याला मिळाली नाहीत. १९१८ मध्ये फ्लूने गेला. १९९३ साली ती हाडं ग्रीनलंडला कानाकच्या भूमीत परत आली. ध्रुवाच्या कहाण्या मी लहानपणापासून ज्या कौतुकाने वाचल्या, त्यात हे पान कुणी लावलेलं नव्हतं. आता ते लागलं आहे आणि पिअरीच्या पायाच्या गोठलेल्या, कापून टाकलेल्या आठ बोटांबद्दल वाचताना पूर्वीसारखी कळ येत नाही. येऊ नये असंही नाही, पण येत नाही.

आणि एडा ब्लॅकजॅक. तिला ध्रुवाची ओढ कसली, तिला पैसे हवे होते. अलास्कातल्या इन्युपियाक जमातीतली बाई, वय तेवीस, मुलाला क्षय झालेला, उपचाराला जवळ काही नाही. १९२१ मध्ये चार तरुण पुरुष सायबेरियाच्या उत्तरेच्या रँगल बेटावर निघाले होते, त्यांना कपडे शिवणारी हवी होती. ती शिवणकाम करायला गेली. मदतीचं जहाज बर्फामुळे पोचलं नाही. तिघं जण सायबेरियाकडे चालत निघाले ते पुन्हा दिसले नाहीत. चौथा स्कर्व्हीने अंथरुणाला खिळला. ती त्याचं सगळं करत राहिली, आणि १९२३ च्या जूनमध्ये तोही गेला. मग ती आणि एक मांजर. तिला अस्वलांची अतोनात भीती. ती बंदूक चालवायला शिकली, कोल्ह्यांसाठी सापळे लावायला शिकली. ऑगस्टमध्ये जहाज आलं तेव्हा ती जिवंत होती, मांजरही. वर्तमानपत्रवाले तिच्या मागे लागले, तिला काही सांगायची हौस नव्हती. मुलाला दवाखान्यात न्यायचं होतं, तिने नेलं. मोठ्या मोहिमांच्या यादीत तिला कुठे बसवायचं हे मला ठाऊक नाही, आणि बसवू नये असंच वाटतं. पण रात्री झोप येत नाही तेव्हा नान्सेन नाही, मला ती आठवते. तंबूत एकटी, मांडीवर मांजर, बाहेर काहीतरी हुंगतंय.

क्विटओया, म्हणजे पांढरं बेट. लादी फुटल्यावर आंद्रेची तुकडी तिथे उतरली. बेटाचा जवळजवळ सगळा भाग हिमनदीखाली, किनाऱ्याला थोडासा उघडा खडक. स्ट्रिंडबर्ग आधी गेला, कारण त्याला खडकाच्या कपारीत दगडांनी झाकलेलं होतं. झाकणारं कुणी असायला हवं. त्या दोघांना झाकायला कुणी नव्हतं. अन्न होतं, बंदुका होत्या, काडेपेट्या होत्या. कशाने मेले याच्या उपपत्ती अनेक आहेत, अस्वलाच्या मांसातले कृमी, थंडी, थकवा. मी त्या सगळ्या वाचल्या आणि मग वाचायचं सोडलं. त्या बेटाभोवती बर्फ इतकं असतं की सहसा जहाज जवळ जात नाही. १९३० चा उन्हाळा मोकळा होता. ६ ऑगस्टला एका नॉर्वेजियन जहाजावरची माणसं किनाऱ्यावर उतरली आणि बर्फातून डोकावणारी होडी त्यांना दिसली. होडी ओढायच्या हुकावर आंद्रेच्या मोहिमेचं नाव कोरलेलं होतं आणि साल होतं १८९६. न झालेल्या मोहिमेचं साल.

फिल्म सापडली. तेहतीस वर्षं बर्फात, ओलाव्यात पडलेली. स्टॉकहोममध्ये योन हेर्ट्झबर्गने ती जपून धुतली, आणि सुमारे २४० फ्रेम्सपैकी ९३ जगल्या. अंधाऱ्या खोलीत पाण्यातून ती आडवी पडलेली काळी आकृती हळूहळू वर येताना त्याने पाहिली असेल. त्या फोटोंवर डाग आहेत, ओरखडे आहेत, कुठे बर्फ कुठलं आणि झिजलेली फिल्म कुठली हे वेगळं करता येत नाही.

निल्सचं लग्न ठरलेलं होतं. तिचं नाव आना शार्लिए. बर्फावरून तो तिला पत्रं लिहीत होता, लघुलिपीत, वहीत. पाठवायची सोय नसलेली पत्रं. आनाने पुष्कळ वर्षं वाट पाहिली, मग एका इंग्रज माणसाशी लग्न केलं आणि देश सोडला. निल्स सापडला तेव्हा ती साठीला आली होती. फोटो जगभर छापले गेले. १९४९ मध्ये ती वारली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिचं हृदय चांदीच्या लहानशा पेटीत घालून स्टॉकहोमला निल्सच्या शेजारी पुरलं. बाकीची आना इंग्लंडमध्ये, नवऱ्याजवळ. त्या नवऱ्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. त्याने हे होऊ दिलं, यावर मी कितीदा तरी विचार करते.

काल भाची पुन्हा आली. मी वाटच बघत होते. फोटो काढला, तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, तू विचारलं होतंस ना, कुणाला दाखवायला, तर मला सापडलंय. त्याचं एका मुलीशी लग्न ठरलं होतं, तिला दाखवायला. आणि खूप खूप वर्षांनी, ती म्हातारी झाल्यावर, हे फोटो तिच्यापर्यंत पोचले.

तिने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बलूनकडे बघितलं, मग एका माणसाकडे, मग दुसऱ्या माणसाकडे.

"पण मावशी," ती म्हणाली, "तो तर ह्यात नाहीचे."